पालकांच्या विनंतीवरून

फसवलं आमच्या शाळेने, फसला तो, आणि ज्या अर्जाने फसला तो अर्ज माझ्या अक्षरात आहे. हे आधीच सांगून टाकतो. माझ्या धंद्यात मालाची खोट आधी सांगणाऱ्याला मूर्ख म्हणतात, पण आज मी काही विकायला बसलेलो नाही.

तो म्हणजे शाळेतला माझ्या बाकावरचा सोबती. पाचवीपासून नववीपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एका कागदावर त्याला न विचारता ते लिहिलं गेलं होतं, तेवढं पुरे.

एक डोळा मिटून, मान तिरकी करून तो समोरच्या वस्तूकडे बघायचा. फळा, खिडकी, सरांची खुर्ची, काहीही. मग हळूच म्हणायचा, "तिरका हाय." आणि ते तिरकं असायचंच. एकदा ध्वजवंदनाला सगळी शाळा सावधान उभी असताना हा मागून पुटपुटला, "खांब तिरका हाय." मला हसू फुटलं आणि छड्या मी खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात खांब सरळ केला गेला. छड्या कोणी परत घेतल्या नाहीत.

तुमच्याही वर्गात असा एकजण असणार. शाळेला ज्याचं काय करावं ते कळलं नाही असा. आठवून बघा, तो दहावीच्या फोटोत आहे का?

तो कोपरच्या खाडीकडच्या गावातला. वडील लहानपणीच गेलेले. आई डोंबिवली पश्चिमेला मासळी विकायची. त्याच्या बोलण्याला वर्ग हसायचा, मीही हसायचो. तो रागवायचा नाही. उलट मला म्हणायचा, "तू पन बोल ना आमच्यासारका. तुना नाय जमनार."

माझा सर्वांत नावडता विषय भूमिती. अजूनही कोणी 'सिद्ध करा' म्हटलं की माझं डोकं तापतं. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या आहेत, त्यांच्यासमोरचे कोन सारखे आहेत, अरे दिसतंय ना डोळ्यांना! मग सिद्ध कोणासाठी करायचं? मी हे गणिताच्या बाईंना विचारलं होतं. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला.

"तू चिंचा इकतोस ना वर्गात?"

"हां. मग?"

"गिऱ्हाइकाला दिसतंय चिंच गोड हाय. तरी तू दहा येला सांगतोस. का?"

"न सांगता कोण घेणार?"

"तसाच. बाईंना सांगाचा. गिऱ्हाईक समज."

भूमिती मला तेव्हा पहिल्यांदा जरा कळली. पुढे कोपरच्या बांधावर बसून त्याने मला सगळं शिकवलं. जाळ्याच्या दोऱ्याने चिखलात वर्तुळं काढायचा. कंपासपेटी त्याच्याकडे नव्हतीच, आणि माझ्या पेटीत चिंचेचे चिंचोके असायचे. मी पट्टी घेऊन रेघ ओढायला लागलो की हात धरायचा. त्यांच्या बोलीत 'कला' म्हणजे कशाला. "रेघ कला वढतोस आधीच? बिंदू धर. बिंदू धर, रेघ आपसूक येल."

आता सौदा ऐका. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा, आणि मी तो पाळला नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे अजिबात नव्हतं. ठरलं असं, की भूमिती त्याने मला शिकवायची आणि इंग्रजी मी त्याला. दिवाळीपर्यंत माझं, दिवाळीनंतर त्याचं.

दिवाळीनंतर दोनदा बसलो. मग क्रिकेटचे सामने सुरू झाले, मग माझे चिंचांचे आणि बोरांचे व्यवहार वाढले. तो रोज संध्याकाळी बांधावर येऊन बसायचा. इंग्रजीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, खाडीचं पाणी लागू नये म्हणून. मी लांबून ओरडायचो, "उद्या रे!" तो हात वर करायचा. एकदाही 'कबूल केलेलं ना तू?' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी भांडलो असतो, पण शिकवलं असतं. मला ओळखणारे सांगतील, माझ्याकडून काही काढून घ्यायचं तर भांडावं लागतं. हा भांडलाच नाही.

नववीची वार्षिक परीक्षा झाली. मी भूमितीत काठावर सुटलो. तो इंग्रजीत गेला.

त्या वेळी आमच्या शाळेची एक पद्धत होती. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला दहावीच्या निकालाचा फलक होता आणि त्यावर शंभराखालचा आकडा चालत नव्हता. म्हणून नववीलाच चाळण लागायची. कच्च्या मुलांच्या पालकांना बोलवायचं आणि सांगायचं, नापास करतो, वर्ष जाईल. नाहीतर पास करतो, पण दाखला घेऊन जा, दहावी बाहेरून करा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. फक्त अर्ज तुमच्याकडून हवा. शाळा कोणाला काढत नसते.

निकालाच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकांनी मला घरून बोलावून घेतलं. हेच आम्हाला इंग्रजी शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत त्याची आई उभी होती. मासळीची पाटी तिला बाहेर ठेवायला लावली होती आणि कावळा येईल म्हणून तिचं सगळं लक्ष दाराकडे.

"तुझं अक्षर चांगलं आहे," सर मला म्हणाले. "बाईंना लिहिता येत नाही. मी सांगतो ते लिही. आणि लक्षात ठेव, तूही काठावरच आहेस."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. घरगुती अडचणींमुळे माझ्या पाल्यास शाळेत ठेवणे शक्य नाही, तरी त्याचा दाखला मिळावा ही विनंती. 'पाल्यास' मधला ल्या मी छान वळणदार काढला. सरांनी शाईचं पॅड पुढे केलं.

अंगठा टेकवायच्या आधी तिने मला विचारलं. सरांना नाही, मला. "काय लिवलास रं पोरा?"

सर खिडकीबाहेर बघत होते.

"पास झाला म्हणून लिहिलंय, मावशी," मी म्हणालो.

ती हसली. अंगठा दिला. पदराला शाई पुसली आणि जाताना मला म्हणाली, "मोटा हो."

झालो. सगळ्यांना दिसतंय. जुन्या इमारती पाडायला निघाल्या की त्यांची दारं, खिडक्या, ग्रील, फरशा उचलायचा माझा धंदा. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत बिल्डर मला ओळखतात आणि घासाघीस सुरू झाली की आपला माणूस पुढे करून स्वतः सटकतात. माझा पारा त्यांना माहीत आहे.

तो मला बांधकामांवरच भेटत राहिला. निकालाच्या दिवशी शाळेने त्याच्या हातात दाखला ठेवला होता, आईनेच अर्ज देऊन मागितला म्हणून. दोनदा बाहेरून दहावीला बसला, दोनदा इंग्रजीने पाडलं, मग सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटसाठी फळ्या ठोकायच्या कामाला लागला. जिन्याची आखणी करायचा. ज्यांनी जिना बांधताना पाहिलाय त्यांना कळेल, सगळ्यांत अवघड काम ते. एक पायरी बोटभर चुकली तर माणूस जन्मभर तिथे ठेचकाळतो. हा ओळंबा सोडायचा, डोळा मिटायचा, भिंतीवर खडूचे ठिपके द्यायचा. इंजिनीअर नकाशा घेऊन बाजूला उभे. एकदा एका तरुण इंजिनीअरने विचारलं, "काका, फॉर्म्युला कोणता वापरता?" तर म्हणाला, "बिंदू धराचा, साहेब." पोरगा ते वहीत लिहून घेत होता!

टिटवाळ्याच्या एका मोठ्या कामावर त्याला सुपरवायझर करायचं ठरलं. ऑफिसने दहावीचं प्रमाणपत्र मागितलं. त्याच्याकडे नव्हतं. त्याच्या हाताखाली शिकलेला मुलगा सुपरवायझर झाला, आणि पहिल्या दिवशी त्याच्या पाया पडला. मी चिडून त्या ऑफिसात गेलो, टेबलावर हात आपटून आलो. काही झालं नाही. बाहेर आलो तर हा चहा घेऊन उभा. "तू भांडाला गेलास? कागुद नाय म्हंजे नाय. घे, गार होल."

"शाळेने काढलं नसतं तर असता कागद."

"शालेने कुटं? आयनी अर्ज दिलता. घरची अडचण व्हती आसल." एवढं म्हणून त्याने एक डोळा मिटला आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागला. मी चहा प्यायलो. तीस वर्षांनी त्याला खरं सांगायची ती वेळ होती. मी कपाचे पैसे दिले आणि निघून आलो.

गेल्या श्रावणात तो गेला. कामावरून घरी येऊन जेवला, छातीत दुखतंय म्हणाला, बस. तेराव्याला गेलो तेव्हा त्याची आई ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या पुढची, तरी अजून बाजारात बसते. मला ओळखलं. सगळ्यांसमोर म्हणाली, "मीच काडला त्याला शालेतशी. मीच आंगठा दिला. कलाच दिला, मना अजून समजला नाय. इचाराचा, तर मना वायट वाटल म्हनून त्यानी कदी इचारला पन नाय."

मी चपला घातल्या आणि गाडीकडे चालायला लागलो.

या वर्षी शाळेची जुनी इमारत पाडायला काढली. बाकं आणि दारं घ्यायला संस्थेने मलाच बोलावलं. ऑफिसात संस्थेच्या वतीने कोण बसलं होतं? आमचे वर्गशिक्षक. थकलेत, पण कपडे तसेच पांढरे.

"बाकं सागवानी आहेत," सर म्हणाले. "त्या हिशेबाने बोल."

"सर, त्यांवर सहा वर्षं बसलोय मी. जंगली लाकूड आहे, वर पॉलिश आहे. पण तुम्ही म्हणाल त्या भावाने उचलतो. मला फक्त जनरल रजिस्टर बघायचंय."

क्लार्कने काढून दिलं. आमच्या वर्षाचं पान सापडलं. शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचे कारण. माझ्यासमोर 'दहावी उत्तीर्ण'. त्याच्यासमोर 'पालकांच्या विनंतीवरून'. खाली बघितलं, वर बघितलं. त्या एका वर्षी अकरा मुलांच्या पालकांनी विनंती केली होती. एकाच शाईत, एकाच हाताने.

"ही कोणाची विनंती, सर?"

"अरे, पद्धत होती ती. सगळ्याच शाळा करत होत्या. निकाल राखायचा तर..."

"हा आठवतो तुम्हाला?"

सरांनी नावावर बोट ठेवलं, चष्मा वर केला. "मासेवालीचा मुलगा ना? इंग्रजी फार कच्चं होतं."

"मीही कच्चा होतो. भूमितीत. मला का नाही काढलंत?"

सर जरा हसले. मला वाटतं, त्यांना वाटलं मी कौतुकाने विचारतोय. "तुझे वडील छापखान्यात होते. अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांच्यापुढे अर्ज ठेवला असता तर त्यांनी वाचला असता."

क्लार्कने मान खाली घातली. मी उठलो. खुर्ची मागे पडली ती उचलली नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की त्याने शिकवलेल्या भूमितीने मला वाचवलं. अकराच्या अकरा पालकांची नावं पुन्हा बघितली. सगळी घरं ओळखीची, आणि एकाही घरात तो अर्ज वाचणारं कोणी नव्हतं.

बाकं घेतली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात गेलो आणि तिच्यासमोर उकिडवा बसून सगळं सांगितलं. अर्जात काय होतं ते, मी खोटं बोललो ते, इंग्रजी शिकवायचं कबूल करून शिकवलं नाही तेही. बाजूच्या बायका ऐकत होत्या. एक म्हणाली, "आता सांगतंय? मेल्यावर?" मला शिव्या ऐकायची सवय आहे, पण ही शिवी नव्हती, म्हणून झोंबली.

म्हातारी बोंबील साफ करत होती. कोयता थांबला.

"मंग दाखला मी नाय मागितला?"

"नाही, मावशी."

"मंग कोनी मागितला?"

मी म्हणालो, सरांनी सांगितलं, मी लिहिलं. तिने मान हलवली. "तू पोर व्हतास. तुना नाय इचारत मी. कोनी मागितला?"

सर, तुम्ही पेपर वाचता, पुस्तकं वाचता, हेही वाचाल. माझ्या वाटणीचं मी तिच्या तोंडावर सांगून आलो आणि तिने मला माफ केलेलं नाही, ते बरोबरच आहे. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. पद्धत होती, हे तिला चालणार नाही. पद्धत तिच्या दारात आली नव्हती, तुम्ही तिला बोलावलं होतं. ती सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत बाजारात असते. या. पाटी बाहेर ठेव म्हणू नका, तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा तिला, ती विनंती कोणाची होती?