निपाणीच्या मांजराचा वाण

मांजराला नुसतं मांजर म्हटलं की ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस उभ्या निपाणीत एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. चाळीस वर्षं मामांनी तंबाखूच्या वखारीत पानांची प्रतवारी केली. पान बोटांत धरायचं, नाकाशी न्यायचं आणि प्रत सांगून मोकळं व्हायचं; भीड ना शेतकऱ्याची, ना मालकाची. निवृत्त झाल्यावर ती बोटं मांजरांकडे वळली. एकदा बेळगावला कॅम्पात एका सुभेदारांकडे मी त्यांना घेऊन गेलो. सुभेदारीणबाईंनी आपली पर्शियन मांजर कौतुकानं त्यांच्या मांडीवर ठेवली. मामांनी तिचं नाक चाचपलं, शेपटी वितीनं मोजली आणि म्हणाले, "केस लांब हाईत म्हणून पर्शियन हुत न्हाय, बाई. तोंड बसकं लागतंय. हिच्या आईबापाचा कागद कुठाय?" त्या घरी आम्हाला चहा मिळाला नाही.

तर या मामांनी एक ध्यास घेतला होता. निपाणीचं म्हणून एक मांजर जगानं मान्य करावं. त्यांची मांजर चिमी अगदी पिकल्या तंबाखूच्या रंगाची, हिरव्या डोळ्यांची. मांजरांच्या जाती नोंदवणाऱ्या एका परदेशी संस्थेचे नियम त्यांनी नातीकडून मराठीत लिहून घेतले. डोकं, कान, डोळे, केस कसे असावेत हे कागदावर बांधून द्यायचं, इथवर ठीक होतं. पण पिल्लंही पिढ्यान् पिढ्या तशीच निपजली पाहिजेत, ही खरी मेख. मामा मला समजावायचे, "एक पान बरं निघालं म्हंजे वाण न्हवं रं. बी पेरल्यावर परत तसंच उगवाय पायजे." त्यांनी कोगनोळीहून चिमीच्याच रंगाचा बोका हुडकून आणला आणि गल्लीतल्या बोक्यांच्या धास्तीनं सगळ्या गच्चीला जाळी मारली. मामी म्हणाल्या, "माझ्या पोरींच्या लग्नालाबी एवढी चौकशी केली न्हवती ह्यांनी."

पहिल्या वेताची चारही पिल्लं तंबाखूच्या रंगाची निघाली. दुसरी पिढीही तशीच. मामांनी पेढे वाटले. तिसऱ्या पिढीत मात्र पाचांपैकी दोन पिल्लं काळीकुट्ट. जाळीला कुठं भोक पडलं होतं देव जाणे.

मी म्हणालो, "मामा, संस्थेला तिघांचेच फोटो पाठवा. काळी कोण बघतंय?"

मामा फटकन म्हणाले, "दुय्यम पानाला मी कधी अव्वल म्हटलं न्हाय. आता मांजरापायी म्हणू व्हय?"

त्यांनी अर्जात 'काळी दोन' असं स्वच्छ लिहिलं. महिन्याभरात नकार आला. नातीनं तो वाचून दाखवला तेव्हा मी तिथंच होतो. काळी पिल्लं कुणी न्यायला तयार नव्हतं, ती दोन्ही मामांच्या मांडीवर झोपली होती. मामा त्यांच्या पाठीवरून बोटं फिरवत हळूच म्हणाले, "वाण न्हाय झाला. पर ह्यांचे केस बघ की, लई मऊ हाईत." मी हात लावून पाहिला. खरंच मऊ होते. आणि मला त्या परदेशी संस्थेचा उगाचच फार राग आला.