मामाची थंडगार मुंबई

जन्मभर मुंबईत राहिलेल्या माणसांना मुंबईचा उन्हाळा काय कळणार! तो कळला फक्त आमच्या मामाला, आणि तोही उरणच्या खाडीकाठी राहून. मे महिन्यातल्या एका रविवारी भाचरं-पुतणी गोळा करायची, मोरा बंदरातून लाँच पकडायची आणि दिवसभर मुंबई बघून संध्याकाळी परतायचं, हे व्रत तो मी तिसरीत असल्यापासून पाळत आला आहे. व्रत म्हटलं की नियम आलेच, आणि पहिला नियम असा की मुंबईतलं जे ठिकाण थंड, तेवढंच प्रेक्षणीय. "ऊन बघायला मुंबयला कशाला जायाचं? आपलेकडं काय कमी हाय?" असं तो म्हणायचा. खोटं काहीच नव्हतं त्यात. मामाची तरणी वर्षं मिठागरात गेली. मिठाचा भर हंगाम म्हणजे ऐन उन्हाळा, त्यामुळे जगाला सुट्टी लागायची तेव्हा हा डोक्यावर टॉवेल टाकून अनवाणी वाफ्यात उभा असायचा. खाऱ्या पाण्याने पायांची सालं निघायची. पुढे ते मिठागर बुजवून तिथे कंटेनर रचले गेले आणि मामाला पहिल्यांदा रिकामा मे महिना मिळाला. तो त्याने आम्हा पोरांना वाटून टाकला.

त्याच्या हाताखाली आमचं मुंबईचं ज्ञान जरा वेगळ्याच अंगाने वाढलं. संग्रहालयातली एक मूर्ती आम्ही अजूनही 'पंख्याखालचा विष्णू' म्हणूनच ओळखतो, कारण मामा तिच्यासमोर डोळे मिटून इतका वेळ उभा राहायचा की लोकांना तो मोठा भक्त वाटायचा. तारांगणात दिवे मालवले की ग्रहगोल उगवायच्या आत तो घोरू लागे. हलवून उठवलं तर म्हणे, "तारे आपले अंगनात हायत की. ही खुर्ची न्हाय ना आपलेकडं!" राणीच्या बागेत पेंग्विन आले त्या उन्हाळ्यात तर त्याने काचेपाशी ठाणच मांडलं. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा पेंग्विनांकडे बोट करून म्हणाला, "नशीब बगा एकेकाचं." दुपारी एखाद्या बागेत भाकरी, सुकटीची चटणी आणि अलिबागचा पांढरा कांदा असा डबा उघडला की आजूबाजूची बाकं आपोआप रिकामी व्हायची. खिशात कायम एका डबीत जाडं मीठ. ते कैरीवर, कलिंगडावर, आणि एकदा तर चौपाटीवर कालाखट्ट्याच्या गोळ्यावरसुद्धा त्याने भुरभुरलं. गोळेवाला दुखावला, तर त्याच्याही हातावर चिमूटभर ठेवलं.

पण भाचरं मोठी झाली. कुणी उलव्यात, कुणी पनवेलला फ्लॅट घेतला. त्यांच्या पोरांना समर कॅम्प लागले. समुद्रावरून नवा पूल झाल्यावर मुंबई गाडीच्या टप्प्यात आली आणि लाँच कुणालाच नको झाली. या वर्षी मामाने घरच्या ग्रुपवर 'रविवारी सकाळी मोरा बंदर' एवढंच टाकलं, तर अंगठे पुष्कळ आले, माणूस एकही नाही. शनिवारी मामीचा फोन आला. "तुजा मामा म्हनतो, औंदा कोनी आलं न्हाय तर डब्याची पिशवी धुऊन ठेव, आता परत जायाचं न्हाय. तू तरी ये ना गो." मामाची मुंबई बंद, ही कल्पनाच सोसवेना. मी गेले. लाँचमध्ये आमच्यातली आम्ही दोघंच, आणि पिशवीत सवयीने अख्ख्या गोतावळ्याच्या भाकऱ्या.

दुपारी उकाडा वाढला तेव्हा मामाने रस्त्यावरच्या काचेच्या दारांना हात लावून लावून एक चित्रांचा हॉल निवडला. आत खरोखरच काश्मीर होतं. भिंतींवर चित्रं, आणि मधल्या फरशीवर कुणा मुलीने मीठ पसरून समुद्राच्या लाटा काढलेल्या, भोवती दोरी. मी सगळं समजल्यासारखा चेहरा करून चित्रं बघत होते, तेवढ्यात खिडकीबाहेर वळवाचं आभाळ काळवंडून आलं. मिठागरातल्या माणसाला असं आभाळ दिसलं की एकच सुचतं. पाऊस पडायच्या आत पसरलेलं मीठ ओढून त्याची रास घालायची. मी वळून बघते तर मामा चपला काढून दोरीच्या पलीकडे, आणि दोन्ही हातांनी त्या समुद्राची रास घालतोय!

"ओ काका! हात नका लावू!" रखवालदार धावला. पाठोपाठ ती कलावंत मुलगी आली. अर्धा समुद्र ढिगात गेलेला बघून तिचे डोळे भरले. मामा भानावर आला, वरच्या छताकडे बघितलं आणि कान धरले. "चुकलं बाय माजं. आभाल भरलं, मीठ उगडं दिसलं, हात ऱ्हायला न्हाय. तू सांग, तसं परत घालून देतो."

मग आम्ही तिघंही गुडघ्यांवर. ती लाट सांगायची आणि मामाच्या हातून निघायचा चौकोन. पुन्हा लाट, पुन्हा मिठागराच्या वाफ्यासारखा सरळसोट चौकोन. आधी ती वैतागली, मग हसायला लागली, आणि शेवटी म्हणाली, "राहू द्या काका तो कोपरा. समुद्राकाठी मिठागर असतंच की." मी त्या कोपऱ्यासकट मामाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

परतीच्या लाँचमध्ये मामा बराच वेळ तळहात चोळत बसला होता. मग म्हणाला, "जल्मात पयल्यांदा सावलीत मीठ केलं, पोरी. पाय जलले न्हाईत."

घरी पोचेपर्यंत ग्रुप पेटला होता. हे कुठे? आम्हाला का नाही नेलं? पुढच्या रविवारी लाँचमध्ये आमचं अख्खं खानदान, भाचरं आणि भाचरांची पोरंसुद्धा, आणि पुढे पिशवी घेऊन मामा. त्याने सगळ्यांना थेट त्या हॉलात नेलं. प्रदर्शन उठलं होतं. भिंती कोऱ्या, फरशी लख्ख पुसलेली.

"आजोबा, कुठाय तुमचं मिठागर?" पोरं विचारू लागली. मामा त्या फरशीकडे बघत उभा राहिला. बुजवलेल्या मिठागरात पहिले कंटेनर लागले त्या दिवशीही तो असाच बघत उभा होता. मग फरशीवर फतकल मारून म्हणाला, "हितंच व्हतं. बसा, थंड हाय."

आम्ही सगळे बसलो. रखवालदाराने त्याला ओळखलं, मान हलवली, पण कुणाला उठवलं नाही. मामाने खिशातली डबी काढली आणि प्रत्येक पोराच्या तळहातावर चिमूट चिमूट मीठ ठेवत गेला.