जीपवरचा त्रिकोण

माझ्या मावशीने नाकावर कधी माशी बसू दिली नाही. काम न करता कामाबद्दल बोलणाऱ्या माणसाकडे ती भिंतीला आलेल्या ओलीकडे बघावं तसं बघते. आणि अशी माणसं तिला जन्मभर भेटतच राहिली.

सरकारी गाड्यांच्या दुरुस्ती डेपोत तिची एकतीस वर्षं गेली. लागली ती झाडूवाली म्हणून. तिथे गाडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, नंबर ठोकणारा एक म्हातारा होता. त्याची नजर गेली, तेव्हा साहेबांनी त्याच्या जागी तीन पुरुष बसवून पाहिले. टोकाला आकडा कोरलेला पोलादी पंच चासीवर धरायचा आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. दुसरा पडला की आकडा दुहेरी उमटतो. तिघांनीही आकड्यांची खिचडी केली. मावशी झाडू टेकून बघत होती. "आणा इकडे," म्हणाली आणि एका घावात सात उमटवला. तेव्हापासून हातोडी तिची. पगार मात्र पुढची चार वर्षं झाडूवालीचाच.

मी दातांच्या एका डॉक्टरांकडे काउंटरवर बसते. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी एक जुनी जीप घेतली, आणि दवाखान्याची रया गेली. भिंतीवरचं दातांचं चित्र उतरलं, तिथे जीपचा फोटो चढला. पुढच्या उजव्या चाकाच्या वर, चासीच्या पट्टीवर त्यांना काही खुणा सापडल्या होत्या: डी, मग एक छोटा त्रिकोण, मग एकचा आकडा, पुन्हा त्रिकोण, आणि थोड्या अंतरावर ब्याऐंशी. झालं! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. डी म्हणजे डिव्हिजन, ब्याऐंशी हा तिचा क्रमांक, आणि त्रिकोण म्हणजे शत्रूच्या हद्दीत शिरणाऱ्या गुप्त तुकडीची खूण. हे सगळं ते पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून सांगत. पेशंट "आँ" म्हणाला की तो थक्क झालाय असं त्यांना वाटे.

जुन्या गाड्यांच्या क्लबात तर त्यांनी यावर भाषणच दिलं. क्लबाचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी. जन्मात त्यांनी कधी नटाला पाना लावला नव्हता. त्यांनी उठून जाहीर केलं, "या गाडीने इतिहास पाहिला आहे." मग बॉनेटवर पितळी पाटी बसली. तिच्यावर त्रिकोण, खाली 'गुप्त पथक'.

मावशी दाढ दाखवायला आली ती याच दिवसांत. तोंडात आरसा असल्यामुळे तिला सगळं ऐकून घ्यावं लागलं. आरसा निघताच तिने चूळ भरली आणि म्हणाली, "गाडी कुठंय?"

डॉक्टर खूश. तिला मागच्या अंगणात घेऊन गेले, मीही मागोमाग. त्यांच्या पत्नी तिथे कपडे वाळत घालत होत्या, आठ वर्षांची मुलगी जीपमध्ये बसून स्टिअरिंग फिरवत होती. मावशी चाकाशी उकिडवी बसली. खुणांवरून तिने अंगठा फिरवला आणि हसली. तिचं ते हसू मला ठाऊक आहे, ते बघून साहेबलोक कागद आवरायला लागत.

"हा त्रिकोण नाही हो, चार आहे. माझ्या पंचावरच्या इंग्रजी चाराचा पाय मोडला होता, उरला वरचा त्रिकोण. नवा पंच मी अकरा वर्षं मागत होते, साहेब म्हणायचे, वाचता येतंय ना, मग चालवा. वाचता येतंय! आता बघा काय वाचलंय लोकांनी."

"म्हणजे... हे तुम्ही ठोकलंय?" डॉक्टरांचा आवाज बारीक झाला.

"चारशे चौदा. साल ब्याऐंशी. आणि डी म्हणजे डिस्पोजल. भंगार. शत्रूच्या नाही, भंगारवाल्याच्या हद्दीत गेली तुमची गाडी."

"मावशी, तुमचं वय झालं, आठवण—"

"आठवण राहू द्या. डी ठोकला की आम्ही चासी गॅसने मधोमध कापायचो, पुन्हा कोणी रस्त्यावर आणू नये म्हणून. ही अख्खी कशी?" असं म्हणत ती सरळ जीपखाली सरकली. मला जीपमधला स्क्रू ड्रायव्हर द्यायला लावला आणि गिअरबॉक्सच्या मागे रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा ओबडधोबड कणा निघाला. "या बघायला. कापलेली चासी पुन्हा जोडलीय."

डॉक्टर वाकले नाहीत. पँट पांढरी होती. "मूळ कारखान्यातलंच असतं ते," म्हणाले, आणि खरवडलेल्या रंगाबद्दल मलाच रागावले.

वाकून पाहिलं ते त्यांच्या पत्नीने. ओल्या हातांनी त्या फरशीवर आडव्या झाल्या, बराच वेळ बघत राहिल्या. उठून हळूच विचारलं, "मावशी, खरं सांगा. पोरीला बसवू का यात?"

"मुलगी तुझी आहे की त्याच्या जीपची?" मावशी म्हणाली. "माझी असती तर उभ्या गाडीतही बसवली नसती."

त्यांनी मुलीला उचलून खाली घेतलं. ती रडली, तरी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी क्लबाची मिरवणूक होती. घरातून आत बसायला कोणी तयार नाही, म्हणून डॉक्टर एकटेच निघाले, डोक्याला हिरवी टोपी. आम्ही दवाखान्याच्या पायरीवरून बघत होतो. चौकातल्या गतिरोधकावर पुढची चाकं चढली, उतरली, आणि कडाडकन आवाज झाला. जीप मधोमध बसली, जमिनीवर बसकण मारलेल्या गाढवासारखी. दारं अडकली. इतिहास पाहिलेल्या गाडीतून डॉक्टरांना पाच माणसांनी काखेत हात घालून वर ओढून काढलं. खरचटलंसुद्धा नाही. टोपी आतच राहिली.

याने माणूस शहाणा होईल असं वाटलं असेल तर तुम्ही डॉक्टरांना ओळखत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. महिन्याभरात अध्यक्षांच्या गोदामात त्या जीपचे दोन तुकडे ठेवले गेले आणि डॉक्टरांनी नवं भाषण केलं: सुरुंगाने झालेली जुनी जखम उघडी पडली म्हणे. टाळ्या पडल्या. चौकात सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली माणसंही टाळ्या वाजवत होती, याचं मला आजही नवल वाटतं. मावशीला मात्र वाटलं नाही.

त्यांच्या पत्नी एकदा मुलीला घेऊन मावशीकडे आल्या. म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून..." आणि डोळे पुसायला लागल्या.

"रडतेस कशाला?" मावशी खेकसली. "फरशीवर आडवी तू झालीस. तो झाला का? त्यांच्या क्लबातला एक तरी झाला का?"

मग तिने मुलीला जवळ ओढलं, एक पत्र्याचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि एक पंच तिच्या हातात दिला. "सरळ धर. मान तिरकी नको. आणि घाव एकच."

मुलीने दोन घातले. पाच दुहेरी उमटला.

"वाईट," मावशी म्हणाली, आणि तिच्यापुढे दुसरा पत्रा ठेवला.