सायझिंगमामूंनी पारखलेलं जाकीट

सायझिंगमामूंना जगात एकच शिवी येत होती, 'सायझिंग'. विणण्याआधी सूत ताठ व्हावं म्हणून त्याला कांजी चढवतात, त्या कामाचं हे भिवंडीतलं नाव. पुढाऱ्याचं भाषण संपलं की मामू म्हणत, "सगळी सायझिंग हाय. एकदा धुतली की पोतेरं!" नवरदेवाचा सूट, माझ्या शाळेचा वार्षिक अहवाल, टीव्हीवरचे तज्ज्ञ, सगळ्यांची वासलात या एकाच शब्दात लागायची.

भिवंडीतल्याच टेमघरच्या एका लूम कारखान्यात त्यांनी उभा जन्म कापड तपासण्यात घालवला होता. तुटलेला धागा त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा. त्यामुळे गल्लीत कुणी साधा टॉवेल आणला तरी आधी मामूंपुढे धरायचा. त्या बावळटांत मीही होतो.

माझी मुलगी अश्विनी नर्स म्हणून लेहला निघाली. थंडी हाडं गोठवणारी आणि विमानात सामान मोजून न्यायचं. पडघ्याला एका गोडाऊनमध्ये जाकिटांचा सेल लागला होता, तिथे मी मामूंना घेऊन गेलो. दुकानदाराने दोन जाकिटं टाकली. एक बदकाच्या मऊ पिसांचं, तीनशे ग्रॅमही नाही, घडी करून छोट्या पिशवीत मावणारं. दुसरं जाडजूड, सव्वा किलोचं, आणि किंमत पहिल्याच्या एक तृतीयांश.

मामूंनी पिसांचं जाकीट मुठीत दाबलं आणि तोंड वाकडं केलं. "यात हाय काय? हवा! मास्तर, हा हवा विकतोय नि तू पैसे काढतोस?" मग जाड जाकिटाची बाही उलटी करून ते अंगठ्याने चोळत बसले. "हे बघ. वीण कशी हाय! कांजी न्हाय, नुसतं सूत."

"बाबा, हलकंच बरं," अश्विनी म्हणाली. मी तिला गप्प केलं आणि जाडंच घेतलं. मामूंपुढे ही काल शिकलेली पोर काय सांगणार!

लेहहून तिचा फोन आला. "ड्युटीवरून रूमवर येईपर्यंत दात वाजतात, बाबा. आत दोन स्वेटर घालते तरी. इथल्या सिस्टरने तिचं पिसांचं जाकीट घालून बघायला दिलं. ऊब कापडात नसते हो, पिसांत अडकलेल्या हवेत असते." मामूंनी कापड अचूक पारखलं होतं. थंडी पारखायला ती त्यांनी पाहिली कुठे होती? भिवंडीत फार गारठा पडला तर आम्ही पंखा दोनवरून एकवर आणतो.

माझं डोकं फिरलं. सकाळी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर मामू त्यांच्या जुन्या कामगारांबरोबर बसले होते. मी तिथेच सुरू झालो. "मामू, सगळ्यात मोठी सायझिंग तुम्हीच निघालात! जन्मभर कापड चिवडलंत, अक्कल कुठे होती?" टपरी खदाखदा हसली. मलाही फार शूर वाटलं. मामू अर्धा चहा टाकून उठले.

पंधरवड्याने अश्विनीचा पुन्हा फोन. "बाबा, जाकीट मिळालं. केवढं हलकं आणि काय ऊबदार!" मी काहीच पाठवलं नव्हतं. पत्ता मामू माझ्या बायकोकडून घेऊन गेले होते.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. ते शांतपणे म्हणाले, "पोरीला थंडी वाजली, ती चूक माझी. मी भरली. पन एक सांगतो. कापडाचं खराब थान आलं तर मी खडूची फुली घडीच्या आत मारायचो. विननाऱ्याला एकट्याला बोलवून दावायचो. चार मानसांत कुनाचं थान उलगडलं न्हाय कधी. तू माजं भर नाक्यावर उलगडलंस."

मी माफी मागितली. मामूंनी चहा पाजला, झालं गेलं विसर म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा मास्तर राहिलो नाही. "या सर, बसा सर, तुम्ही म्हणाल तसं." पुढची दोन वर्षं त्यांनी मला एकदाही अरे-तुरे केलं नाही, आणि माझ्यासमोर कशालाच सायझिंग म्हटलं नाही. मी कितीदा तरी मुद्दाम भिकार कापडाचे शर्ट घालून गेलो. "छान हाय, सर," म्हणायचे.

मामू गेले त्या दिवशी त्यांच्या मुलाने माझे दोन्ही हात धरले. रडत म्हणाला, "अब्बा तुमची फार इज्जत करायचे, सर."