पेन्सिलीची टकटक

माझ्या सासूबाई शाळेत गाणं शिकवायच्या. शिकवायच्या कसल्या, मुलींना सोलून काढायच्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, त्यांच्याच वर्गात शिकलेली, घरीसुद्धा बाईच म्हणायची. सूर जरा घसरला की बाई पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत. टकटक झाली की थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. वर्गात एखादं गाणं शेवटपर्यंत पोचलं तर नशीब.

स्पर्धेत मात्र बाईंच्या मुलींचा हात धरणारं कुणी नव्हतं. ढालींनी शाळेचं कपाट भरलं. शाळा सुटल्यावर त्या मुलींनी पुन्हा तोंड उघडलं का, हे बघायला कुणी गेलं नाही. त्यातली एक आता पोस्टात आहे, एक दवाखान्यात नर्स. बाई दिसल्या की दोघीही रस्ता बदलतात.

गेल्या वर्षी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं घोगरं का होईना राहिलं, गाणं गेलं ते गेलंच. मी रेडिओ आणून दिला तर म्हणाल्या, "बंद करा तो. घरातलं माणूस गाताना ऐकायचंय मला. तुम्ही सांगा ना तिला. कसंही गाऊ दे."

कसंही! हा शब्द बाईंच्या तोंडून निघायला बायकोची चाळिशी उलटावी लागली. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मला येत नाही." निम्म्या ढाली हिच्या, आणि हिला येत नाही. माझं डोकंच फिरलं.

मग एका दुपारी भांडी घासता घासता ती आपसूक गुणगुणायला लागली. मी हातातला पेपर तसाच धरून बसलो. बाई भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि डोळे मिटून चौकटीला टेकल्या. इतका निवळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

कुठेतरी सूर उतरला असावा. मला काही कळलं नाही. बाईंचं बोट मात्र चौकटीवर वाजलं. टक टक.

गुणगुणणं थांबलं.

"अगं, चुकून झालं," बाई म्हणाल्या. "मेल्या बोटाला सवय आहे. गा ना. गा पुढे."

बायकोनं मागे वळूनही पाहिलं नाही. नळ बंद करून हात पुसले.

"झाली भांडी, बाई," ती म्हणाली.

अर्धी भांडी अजून खरकटीच होती.