खालच्या वाडीवरून गेलेली गाडी

आमच्या घरात पाव्हण्याला टेकायला जागा नाही, पण रेल्वेला आहे. पुढच्या खोलीत आठ बाय चारचा प्लायवूड, त्याला खाली सहा पाय, आणि त्यावर आमच्या ह्यांचा संसार. माझा संसार मागे, गॅस आणि मोरीच्या मधे. येणाराजाणारा दारातूनच विचारतो, “वहिनी, हे काय हो?” मी म्हणते, “मला काय विचारता, त्यांना विचारा.” आणि त्यांना विचारलं की गेला तुमचा तास.

हे म्हणजे हैबतराव. इथंच उरवड्यात एका कारखान्यात टूलरूमला एकतीस वर्षं फिटर होते. हात इतका बारीक की माझ्या कानातल्याची मोडलेली फिरकी त्यांनी घरी करून दिली, सोनाराला ओळखू आली नाही. स्वभाव गरीब. तोंडातून वाकडा शब्द म्हणून नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आलाय. मी अंगणवाडीत सेविका आहे, तीस पोरं सांभाळते. घरी आले की एकतिसावं.

माणसाला नाद असावा, पण तो आपल्या गावाला शोभेल असा तरी! कुणी बैल पाळतं, कुणी भजनाला जातं. ह्यांना रेल्वे. आता अख्ख्या मुळशीत आगगाडी कुठं धावते ते मला दाखवा. हिंजवडीकडं मेट्रोचे खांब झालेत, पण ह्यांना ती चालत नाही, तिला डबे आहेत पण धूर कुठाय म्हणतात. ह्यांनी पहिली आगगाडी बघितली ती वयाच्या अकराव्या वर्षी, चिंचवडला मामाकडं गेले तेव्हा. फाटकापाशी उभे राहिले ते चौथी गाडी गेल्यावर मामानं कान धरून घरी नेलं. तिथून जे डोक्यात बसलं ते रिटायर झाल्यावर बाहेर आलं.

त्यांचा एक ग्रुप आहे. अकरा जण, सगळे असलेच. कुणी दौंडचा, कुणी लोणावळ्याचा, कुणी मिरजेचा. ग्रुप चालवतो मनीष म्हणून एक, महाळुंग्याच्या त्या नव्या टॉवरमध्ये राहतो, कंप्युटरची नोकरी, मूळचा भुसावळचा. पोरगा सभ्य आहे, मी खोटं बोलणार नाही. दर डिसेंबरात पुण्यात हॉल घेऊन प्रदर्शन भरवतात. त्यांचा नियम असा की ज्यानं त्यानं आपल्या गावची रेल्वे मांडायची, आपण कुठं राहतो आणि आपल्याकडून गाडी कशी जाते ते एका पाटीवर लिहायचं. दौंडवाल्यानं लिहिलं, आमच्या घराच्या खिडकीतून यार्ड दिसतं. लोणावळ्याच्यानं घाट लिहिला. ह्यांनी लिहिलं, आमच्याकडे रेल्वे नाही, बस आहे, तीही कधी येईल सांगता येत नाही. फोनवर ते वाचून सगळ्यांनी हसरे चेहरे आणि अंगठे पाठवले. हे नाही हसले. रात्री जेवताना म्हणाले, “शारदा, मी नुसता बघायलाच जायचं का गं दर वर्षी?”

तीन वर्षं नुसते बघून आले. खुर्च्या मांडल्या, वायरी ओढल्या, दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या इंजिनांची चाकं दुरुस्त करून दिली. मला असा संताप यायचा! मी म्हणायचे, त्या मनीषला सांगा, आमच्या गावात रेल्वे नाही हा काय आमचा गुन्हा आहे?

मग ह्यांना कुणीतरी सांगितलं की मुळशीचं धरण बांधत होते तेव्हा, शंभर वर्षांपूर्वी, मालाची छोटी गाडी चालायची. दगड, चुना, लोखंड, माणसं. धरण झालं, पाणी चढलं, लाइन गेली. झालं! ह्यांना आपली रेल्वे मिळाली. पुण्यात जुन्या कागदांच्या दुकानात चार महिने खेटे घातले आणि लाइनचा एक नकाशा आणला. इंजिनाचा फोटो मिरजवाल्यानं दिला. त्यानंतरची तीन वर्षं मी काय भोगलं ते माझं मला माहीत. चहाची गाळणी रुळाखालची बारीक खडी चाळायला गेली. भांड्याच्या घासण्या हिरव्या रंगवून त्यांची झाडं झाली. काड्यापेटीतल्या काड्या रुळाखालचे स्लीपर म्हणून गेल्या, गॅस पेटवायला घरात काडी नाही. पहिल्याच उन्हाळ्यात रूळ तापून फुगले आणि सगळे नागमोडी झाले, कारण जोडात फट ठेवायची राहिली होती. एकतीस वर्षं फिटर, आणि लोखंड फुगतं हे विसरले! सगळं उचकटून पुन्हा घातलं.

आणि वर तो पुरावा. मनीषचा दुसरा नियम. मांडणीवर जे जे ठेवाल त्याचा फोटो, नकाशा नाही तर सरकारी कागद फाइलला लागला पाहिजे. कुणीतरी मागे मनानंच एक देऊळ बसवलं होतं म्हणे, तेव्हापासून. ह्यांची फाइल माझ्या रेशनकार्डाच्या पिशवीपेक्षा जाड. इंजिनाला पुरावा, वाघिणीला, म्हणजे मालाच्या डब्याला पुरावा, रुळाखालून पाणी जायच्या मोरीच्या तीन कमानींना पुरावा. नकाशात जिथं काही काढलेलं नव्हतं तिथं ह्यांनी भुसा रंगवून हिरवळ केली. छान दिसायची, खोटं कशाला बोलू.

यंदा दिवाळीनंतर माझी आई आमच्याकडे आली. रंभाबाई, वय ऐंशीच्या पुढं. धरणाच्या वरच्या अंगाला भावाकडे असते, मोतीबिंदू काढायला पिरंगुटला आणली होती. डोळ्याला हिरवी पट्टी, तोंड मोकळं. पट्टी निघाली त्याच रविवारी मनीष आला, शेवटची तपासणी करायला. हॉलमध्ये एकच जागा उरली होती, आणि ती ह्यांना मिळणार का नाही ते त्या दिवशी ठरायचं होतं. हे पहाटेपासून दाढी करून बसलेले. मी पोहे केले. ह्यांनी बशी तशीच बाजूला सारली.

मनीषनं फाइल उघडली आणि एकेक वस्तू ताडून पाहिली. मोजपट्टी लावून रुळातलं अंतर मोजलं. मग हे म्हणाले, “चालवू?” बटण फिरवलं. ते बोटाएवढं काळं इंजिन सहा वाघिणी घेऊन कमानींवरून असं काही गेलं की मी हातातला झारा खाली ठेवला. मनीष म्हणाला, “काका, एक नंबर. जागा तुमची.” ह्यांचे डोळे भरले. माझेही भरले, नाही कशाला म्हणू? सहा वर्षं काढली होती त्या माणसानं.

तेवढ्यात आई कॉटवरून उठून आली. नव्या डोळ्यानं जे दिसेल ते बघत सुटली होती, माझ्या भिंतीची पोपडी आधी तिनंच दाखवली. वाकून वाकून पाहिलं तिनं. म्हणाली, “ह्यो डोंगुर आमचा हाय.”

हे खूश. “ओळखलंत ना मामी? नकाशावरनं केलाय.”

“आन ही गाडीच्या बांधाची रेघ. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की दिसती अजून.” मग तिनं बोट त्या हिरवळीवर ठेवलं, रुळाला चिकटून, आणि तिथंच ठेवलं. “हितं काय केलंय?”

“गवत आहे मामी. मोकळी जागा होती ना.”

“मोकळी?” आई म्हणाली. “कुणी सांगितलं? हितं खालची वाडी हुती. ही तुमची गाडी चाललीया न्हवं, ती माझ्या आयच्या न्हाणीवरनं चाललीया.”

आईचा जन्म धरणानंतरचा. पण तिची आई दर मे महिन्यात, पाणी तळाला गेलं की, तिला तिथं घेऊन जायची. चिखलातून घरांची जोती वर आलेली असायची. हा आपला उंबरा, ही चूल, हा शेजाऱ्यांचा गोठा, असं पायानं दाखवायची. मलाही आई एकदा घेऊन गेली होती. मी सहा वर्षांची, चप्पल रुतली म्हणून भोकाड पसरलं, एवढंच मला आठवतं. तिला सगळं पाठ होतं.

ह्यांचा चेहरा उतरला. नकाशा उघडला, पुन्हा पाहिला. तो लाइनच्या कामाचा नकाशा. त्यात लाइन होती, मोऱ्या होत्या, डोंगराची उंची होती. वाडी नव्हती. हे मनीषला म्हणाले, “एक घर बसवतो ना. बुचाचं करतो, चार दिवसांत होईल.”

मनीष अवघडला. आईला म्हणाला, “आजी, घराचा एखादा फोटो आहे का? जुना कागद, काहीही?”

“फोटु?” आई म्हणाली. “बाबा, आमच्याकडं कंदील न्हवता.”

“तसं नाही आजी, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण एकाला सूट दिली की सगळे आपापलं सांगणार. काका, तुम्हाला माहितेय. आहे तसंच आणा, परफेक्ट आहे. घर घातलंत तर मला जागा देता येणार नाही.” असं म्हणून तो गेला. पोहे सगळे खाल्ले त्यानं, वाईट नव्हताच तो.

हे प्लायला वळसा घालून आले. मग आईजवळ जाऊन बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “मामी, एवढं प्रदर्शन होऊ दे. डिसेंबर झाला की पहिलं काम तुमच्या आईच्या घराचं. माझा शब्द.”

आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “व्हय जावईबापू. आमच्या आयला बी असंच सांगितलं हुतं. आदी गाडी जाऊंद्या, मग तुमचं बगू.”

त्यानंतर तीन दिवस ह्यांनी बटणाला हात लावला नाही. जेवायचे, उठायचे, खोलीत जाऊन उभे राहायचे. टेम्पो शनिवारी सकाळी ठरला होता. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. मी म्हटलं, “अहो, एकदा काय ते ठरवा, माझा जीव नका खाऊ!” तर म्हणाले, “शारदा, माझ्याच्यानं नेणं होत नाही आणि नाही म्हणणंही होत नाही.” सहा वर्षांत हा माणूस माझ्यापाशी एकदाही असं बोलला नव्हता. मला त्यांचा राग येईना, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

शुक्रवारी मीच फोन केला. मनीषला म्हटलं, टेम्पो नको. तो म्हणाला, “वहिनी, काकांचीच इच्छा आहे ना? सगळ्यात सुंदर मांडणी त्यांची आहे.” मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, “इच्छा? त्या इच्छेपायी मी तीन वर्षं गाळणीशिवाय चहा केलाय! तुमच्या फाइलला इंजिनाचा फोटो चालतो. इंजिनवाल्यांकडे कॅमेरा होता, म्हणून त्यांचं खरं. ज्यांची घरं पाण्याखाली घातली त्यांनी पळता पळता फोटो काढायला हवे होते का? माझी आई जिवंत समोर उभी राहून बोट ठेवून सांगते, ती पुरावा नाही?” मग तो म्हणाला, “तुमचं खरं आहे वहिनी. पण ग्रुप ऐकणार नाही. जागा मिरजवाल्यांना द्यावी लागेल.” मी म्हटलं, द्या. आणि फोन ठेवून मोरीपाशी जाऊन रडले. ह्यांचं गेलं म्हणूनच रडले.

हे दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं. पातळ पटाशी घेतली आणि न्हाणीच्या जागचा वीतभर रूळ सोडवला. एक काडी मोडली नाही. रविवारपर्यंत बुचाचं घर झालं, अंगठ्याच्या पेराएवढं, वर गवताचं छप्पर. न्हाणीसुद्धा केली, दगडाच्या चिपेची. आईला हात धरून आणलं.

“उंबरा कुठल्या बाजूला होता मामी?”

आईनं घर हातात घेतलं, डोळ्यापाशी नेलं, दार डोंगराकडं करून ठेवलं. हसली. मग आजूबाजूची हिरवळ बघत राहिली.

“एकलंच?” ती म्हणाली. “वाडी हुती जावईबापू. सत्तावीस उंबरं हुतं.”

ह्यांनी त्या आठ बाय चारवर एक नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे हात पुढे केला आणि उरलेला रूळ उचलायला पक्कड मागितली. मी आणून दिली.