‘येत नाही’ नावाचं बटण

“मॅडम, तुमचं ॲप म्हणतंय गेटवर सगळी हजर हायत. आन् हितं मी एकटाच उभा हाय, टोपी घालून!”

फोनवर सुभेदार घोरपडे होते. फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी साताऱ्यात सिक्युरिटी एजन्सी काढली. एमआयडीसीतल्या कारखान्यांना ते वॉचमन पुरवतात, तेही बहुतेक माजी सैनिकच. कुणी ऐनवेळी आलं नाही की नुसती फोनाफोनी व्हायची आणि गेट रिकामं राहायचं. शेवटी एका मोठ्या कारखान्याच्या मॅनेजरने बजावलं, आता गेट रिकामं दिसलं तर एजन्सी बदलणार. म्हणून सुभेदार आमच्या सांगलीच्या सॉफ्टवेअर कंपनीत आले होते.

आमचे बॉस कुलकर्णी सर वॉटरफॉलवाले. म्हणजे क्लायंटला काय काय हवं ते आधी लिहून घ्यायचं, सही घ्यायची, मग दार लावून महिनोन्महिने बनवायचं आणि शेवटी एकदम दाखवायचं. मी ॲजाइलवाली. थोडंसं बनवायचं, लगेच वापरायला द्यायचं, शिव्या खायच्या, दुरुस्त करायचं, मग पुढचं.

“शिव्या शेवटी एकदम खाव्यात,” सर म्हणायचे. “रोज रोज कोण खाणार?”

मग मी “जरा रिक्वायरमेंट कन्फर्म करून येते” म्हणून साताऱ्याला गेले आणि अर्धवट ॲप वॉचमनांच्या मोबाईलमध्ये टाकून आले. एकच स्क्रीन. त्यावर उद्याची ड्युटी आणि खाली दोन बटणं : ‘येतो’ आणि ‘येत नाही’. ‘येत नाही’ दाबलं की सुभेदारांना आदल्या दिवशीच कळणार आणि ते दुसरा माणूस बघणार. बटणांवरचे शब्द सुभेदारांच्या सहीच्या डॉक्युमेंटमधलेच होते.

सुरुवातीला ‘येत नाही’ कुणीच दाबलं नाही. सुभेदार खूश. आणि मग हा फोन.

मी पहिली एसटी पकडली. पोचले तेव्हा सुभेदारांची गेटवरून नुकतीच सुटका झाली होती. न आलेल्या वॉचमनांना ऑफिसात ओळीत उभं केलं होतं. पुढे हवालदार शिंदे.

“शिंदे, ‘येतो’ का दाबलं?”

“मग काय दाबू, साहेब?”

“शेजारी ‘येत न्हाई’ हाय की!”

शिंदे आणखी ताठ झाले. “आवं साहेब, सबंध नोकरीत कवा ‘येत न्हाई’ म्हटलं न्हाई. आता म्हातारपणी म्हणू व्हय?”

“त्यात लाजायचं काय? बटण हाय, दाबायचं!”

मला राहवलं नाही. “साहेब, टेबलावर पत्रिका दिसतेय, उद्या इस्लामपूरला तुमच्या भाचीचं लग्न आहे ना? उद्याच्या ड्युटीत मी तुमचं नाव टाकलंय. जरा दाबून दाखवा.”

सुभेदारांनी मोबाईल हातात घेतला. बोट ‘येत नाही’वर गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. ओळ त्यांच्याकडे बघत होती. शेवटी त्यांनी ‘येतो’ दाबलं.

शिंदेंना हसू आवरेना. “लग्नाला मामा न्हाईच म्हणायचा!”

“गप रं!” सुभेदार ओरडले, पण त्यांनाही हसू फुटलं.

“मग फौजेत असताना घरी कसे यायचात?” मी विचारलं.

“रजा मागून!” अख्खी ओळ एकदम बोलली.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. ‘येत नाही’ पुसलं आणि ‘रजा मिळावी’ लिहिलं. चहा येईपर्यंत नवीन ॲप सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होतं. चहा संपेपर्यंत सुभेदारांचा मोबाईल वाजायला लागला, तो थांबेचना. “मॅडम, आता लयच मागाय लागली की!” मग पुढच्या फेरीत त्यांना ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ दिलं. ‘नामंजूर’ दाबताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

गेट पुन्हा रिकामं राहिलं नाही. आभार मानायला सुभेदारांनी फोन केला, तो नेमका कुलकर्णी सरांना. मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

“डॉक्युमेंटमध्ये रजा कुठाय?”

“नाही सर.”

“सहीनंतर बदल केलास?”

“सर, तुमच्या पद्धतीने गेलो असतो तर हे आपल्याला दिवाळीनंतर कळलं असतं. तोवर सुभेदारांच्या हातून कारखाना गेला असता. आणि मग आपला क्लायंट.”

सरांनी डॉक्युमेंट पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतलं. पुढे कारखान्याच्या मॅनेजरने एजन्सी तर ठेवलीच, वर स्वतःच्या कामगारांसाठीही असंच ॲप मागितलं. साताऱ्यातल्या त्या मीटिंगला सर टाय लावून आले.

“आमच्याकडे पहिल्यापासून ॲजाइलच असतं,” ते मॅनेजरना म्हणाले. मी खिडकीतून अजिंक्यतारा बघत बसले.

यातून मी एवढंच शिकले. सही करताना माणसाला स्वतःचीच नीट माहिती नसते, म्हणून त्याच्या हातात लवकर काहीतरी द्यावं आणि तो काय करतो ते बघावं. बॉसचंही तसंच आहे. फक्त त्यांच्या हातात आधी श्रेय द्यावं लागतं.